तुमचे दोन फॉर्म

अहो, तुमच्या तेराव्याला आठवडाही झाला नव्हता आणि निकिता तिच्या प्रबंधाचा गठ्ठा घेऊन दारात उभी. माझी एम.ए.ची विद्यार्थिनी, तीच चष्मेवाली, जिच्या निबंधाला तुम्ही एकदा ‘पास माल’ म्हणाला होतात. तिने चपला काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसून म्हणाली, “मैडम, सोमवार को जमा करना है. आपके साइन रह गए हैं.” मला राग आला. घरातला उदबत्तीचा वास अजून गेला नाही आणि हिला सोमवार पडलाय. मग तिने गठ्ठ्यातून प्रश्नावलीचे दोन भरलेले फॉर्म वेगळे काढले आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवले. “ये दोनों अंकल के हैं.”

फॉर्मवर नाव नव्हतं. नाव विचारायचंच नाही, असं मीच शिकवते. पण तुमची खूण मला कळणार नाही? सगळं जग बरोबरची खूण करतं, तुम्ही एक छोटा गोल काढून त्याखाली रेघ ओढता. छत्तीस वर्षं फॅक्टरीत तपासलेल्या मालावर ओढलीत तशी. दोन्ही फॉर्मांवर तीच खूण होती. एका फॉर्मवर सगळे गोल उजवीकडच्या घरांत होते, दुसऱ्यावर सगळे डावीकडच्या. एक फॉर्म सांगतो की तुमच्याइतका सुखी माणूस आपल्या अख्ख्या रांझी वस्तीत नाही. दुसरा त्याच्या बरोबर उलटं सांगतो.

म्हणून लिहायला बसले आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि भांडायला तुम्ही नाही.

आपण माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवरून भांडायला लागलो, ते तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी. त्याच वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत राहिले. वर्गात तोंडी शिकवता येतं, पण निबंध कोण वाचणार? आमच्या पेपरात प्रत्येकाने मानसशास्त्रातला एखादा अभ्यास निवडून त्याची पारख करायची असते. कोणाला विचारलं, कसं विचारलं, जे निघालं त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे दहा-बारा पानांत लिहायचं. साठ मुलं, साठ हस्ताक्षरं. पहिल्या दिवशी मी भिंग घेऊन बसले. तुम्ही थोडा वेळ पाहिलंत, भिंग माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, “दे इकडे. मी वाचतो, तू मार्क दे. जन्मभर दुसऱ्याचा मालच तपासला, आता हा तपासू.”

दुपारचा चहा झाला की तुम्ही टेबल पुसायचात, गठ्ठा सरळ करायचात आणि शिफ्टचा रिपोर्ट वाचावा तसं एका सुरात वाचायला लागायचात. ‘इस अध्ययन का सैंपल छोटा है, अतः इसे सब पर लागू नहीं किया जा सकता.’ पहिल्या निबंधात ही ओळ आली. दुसऱ्यात आली. पाचव्यात आली तेव्हा तुम्ही कागद खाली ठेवलात.

“बाप्पा! हे सगळे एकाच साच्यातून काढून राहिले काय? वर तर यानं लिहिलं की हजारो लोकांना विचारलं. मग छोटा कुठून झाला?”

मी म्हटलं, गाईडमध्ये तसंच दिलेलं असतं, मुलं पाठ करतात.

“आणि तू मार्क देते?”

देत होते. वीस वर्षं देत आले होते. गुण तीन, दोष तीन, शेवटी दोन्ही बाजूंचं बरं वाटेल असा निष्कर्ष, की फर्स्ट डिव्हिजन. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी स्वयंपाकघरात निघून गेले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण माझ्या नोकरीत तुम्ही पहिल्यांदाच डोकावला होतात आणि पहिल्याच दिवशी खोट काढली होतीत. दोन दिवस मी धड बोलले नाही.

मग तुम्ही मला लॉट समजावून सांगितलात, वाटाण्याच्या शेंगांची टोपली पुढ्यात घेऊन. लॉटमधले, म्हणजे एका खेपेतले, सगळे नग तपासता येत नाहीत, थोडेच काढायचे. पण वरवरचे काढायचे नाहीत, पेटीच्या तळाचे आणि कोपऱ्यातले काढायचे, कारण भरणाऱ्याने वरचे चांगलेच ठेवलेले असतात. “माणसाचंही तसंच असन,” तुम्ही शेंग सोलत म्हणालात. “वरचं विचारलं तर वरचंच सांगन तो.” मी ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं. मुलांना समजलं. मला पुस्तकातून इतकी वर्षं समजावता आलं नव्हतं ते तुमच्या टोपलीने समजावलं, आणि हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तुम्ही फुगून बसाल म्हणून नाही सांगितलं.

निकिताचा निबंध त्याच्या पुढच्या वर्षीचा. तिने रिटायर झालेल्या लोकांच्या समाधानाबद्दलचा पुस्तकातला एक अभ्यास घेतला होता. प्रश्न पोस्टाने पाठवले होते, ज्यांनी उत्तरं पाठवली त्यांच्यावरून निष्कर्ष काढला होता. निकिताने लिहिलं होतं, ज्यांनी उत्तरच पाठवलं नाही त्यांचं काय? ज्याला पाकीट उघडायचीही इच्छा उरली नाही, तोच सगळ्यात दुःखी असेल, आणि तोच मोजला गेला नाही. तुम्ही ते दोनदा वाचलंत. “हा पास माल आहे. पोरीनं डोकं वापरलं.” मी वीसपैकी चौदा म्हटलं, तुम्ही सतरावर अडून बसलात. सोळावर मिटलं.

एक भांडण मात्र मिटलं नाही. पुष्कळ अभ्यासांत लिहिलेलं असतं की अमुक लोकांची उत्तरं बाजूला काढली. मुलं ती ओळ उतरवून पुढे जायची, तुम्ही तिथे थांबायचात. “काहून काढली? आमच्याकडे रिजेक्ट नग फेकत नाहीत. लाल पेटीत ठेवतात, टॅग लावतात, टॅगवर कारण लिहितात. लॉट कुठं बिघडला ते त्या पेटीतूनच कळते.” मी म्हणायचे, अहो, माणसं आहेत ती, नग नाहीत. कोणी अर्धवट भरतं, कोणी कंटाळून उठून जातं, प्रत्येकाची चौकशी कुठे करत बसायची? “मग नका म्हणू तपासलं म्हणून,” तुम्ही म्हणायचात. मी वर्गात नियम केला, एकही भरलेला फॉर्म फेकायचा नाही. पण कारण विचारायचा नियम केला नाही. तुमचं सगळंच ऐकलं असं व्हायला नको होतं मला.

मग साखर उतरली आणि महिन्याभरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मला आधी तुमच्या कानांवरचे केस दिसले. मी हसत सुटले, तुम्हीही हसलात. त्याच आठवड्यात नवे निबंध आले. चहा झाला, तुम्ही टेबल पुसलंत, गठ्ठा सरळ केलात, खुर्ची ओढलीत. मी म्हटलं, “राहू द्या, आता माझं मी वाचते. खूप केलंत, आराम करा.”

“अच्छा,” तुम्ही म्हणालात. “चलो, चांगलं झालं.”

फडक्याची घडी घातलीत आणि व्हरांड्यात जाऊन बसलात. किती वेळ बसलात ते मी पाहिलं नाही. मी वाचत होते. अडीच वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचताना मला इतका आनंद झाला होता की मी एका बैठकीत अकरा निबंध संपवले. पुढे दोन-तीनदा तुम्ही विचारलंत, “काही वाचायचं असन तर सांग.” मी म्हटलं, आज पेपर वाचलात का? पेपर तुम्ही सकाळीच वाचलेला असायचा.

सकाळी तुम्ही फिरायला जात होतात. सहाला निघायचात, नऊला यायचात. मला वाटायचं, चांगलं आहे, पाय चालताहेत. तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्हाला घरी आणणाऱ्या माणसांकडून मला समजलं की तुम्ही फिरत नव्हताच. फॅक्टरीच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर बसून शिफ्ट आत जाताना बघत होतात. “इंस्पेक्टर साहब तो रोज आते थे, भाभीजी. इसी बेंच पे बैठते थे.” हे सांगणारा टपरीवाला रडत होता. माझ्या डोळ्यांत पाणीच येईना. मी फक्त विचारत राहिले, रोज? रोज यायचे? तो म्हणाला, इतवार छोड़ के.

लेक हैदराबादहून आला, पंधरा दिवस राहिला, गेला. त्याला मी हे सांगितलं नाही. त्याने मला खूप जपलं, आणि जाताना म्हणाला, “बाबांनी शेवटपर्यंत मजेत काढलं ना, आई.” मी हो म्हटलं. तो आपल्या बाळाला मराठी शिकवणार आहे म्हणे. स्वतः धड बोलत नाही, तुम्ही असता तर चिडवलं असतंत.

आता त्या फॉर्मांचं. निकिताने यंदाच्या कामासाठी तोच रिटायर लोकांचा विषय पुढे नेला. आधी पुस्तकातल्या अभ्यासाची पारख, मग तसाच एक छोटा अभ्यास आपल्या भागातल्या पुरुषांवर, मग दोन्हींची तुलना. संक्रांतीच्या आठवड्यात ती घरी आली, तुम्ही तिचा फॉर्म भरलात, तिला तिळगूळ दिलात, मी कॉलेजात होते. महिन्याभराने तिने कच्चं लिखाण दाखवलं. त्यात एक ओळ होती, ‘एक फॉर्म उत्तरदाता के कहने पर निरस्त किया गया.’ म्हणजे ज्याने भरला त्याच्याच सांगण्यावरून एक फॉर्म रद्द केला. मी त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि लिहिलं, बहुत अच्छा. प्रामाणिकपणे नोंदवलं म्हणून कौतुक केलं. कारण विचारलं नाही. तुम्ही वाचून दाखवत असतात तर त्या ओळीवर थांबला असतात, मला खात्री आहे, कागद खाली ठेवून म्हणाला असतात, काहून? पण तो फॉर्म तुमचाच होता. तुमच्या आवाजात ती ओळ मी ऐकली असती तर कदाचित मला काही समजलं असतं. कदाचित तुम्ही ती गाळून पुढे वाचलं असतंत.

फॉर्म समोर आले तेव्हा मी आधी हे दुःख मानलंच नाही. मी परीक्षक झाले. एक ते पाच अशी घरं आहेत, एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. ‘मेरा दिन अच्छा कटता है.’ ‘मन की बात कहने को घर में कोई है.’ ‘घर में मेरी जरूरत है.’ पहिल्या फॉर्मवर सगळीकडे एक. मी लगेच म्हटलं, फॅक्टरीत एक नंबर म्हणजे उत्तम माल. ह्यांनी वरची सूचना न वाचता एकला गोल केला, मग चूक लक्षात आली, म्हणून दुसरा मागून घेतला. किती सोपं! निकिताला मी हे उत्साहाने समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, की प्रश्नपत्रिकेचा हा दोष नेहमी तपासावा. ती मान खाली घालून ऐकत होती. बोलता बोलता माझंच मला आठवलं की सूचना वाचल्याशिवाय तुम्ही दाढीच्या ब्लेडचं पाकीटही कधी उघडलं नाही.

मी विचारलं, नेमकं काय म्हणाले होते ते?

“मैं गेट तक पहुंच गई थी, मैडम. अंकल पीछे-पीछे आए. पूछा, ये फॉर्म मैडम देखेंगी क्या? मैंने कहा, हां, मैडम ही तो गाइड हैं. तो बोले, बेटा, दूसरा दे दो, इसमें गड़बड़ हो गई.”

“गड़बड़ हो गई, असंच म्हणाले ना?”

“जी. पहले वाला वापस मांग रहे थे. मैंने कहा, अंकल, फेंकना मना है, मैडम का नियम है. तो हंसने लगे. बोले, सही है, रखो. बस मैडम को मत दिखाना.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

“आपने ही सिखाया है, मैडम. किसने क्या भरा, किसी को नहीं बताना.” तिचे डोळे भरले होते. “अब भी नहीं बताना था. पर मुझसे रखा नहीं गया.”

तिच्यावर ओरडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. तिने सगळं बरोबर केलं होतं, मी शिकवलं तसं. मी तरीही गडबड हा शब्द धरून बसले होते. गडबड म्हणजे चूक, चूक म्हणजे घरांची अदलाबदल. तेव्हा ती हळूच म्हणाली, “मैडम, पीछे भी लिखा है.”

मी फॉर्म उलटला. मागे एकच प्रश्न होता. रिटायरमेंट के बाद आपके जीवन में सबसे बड़ा बदलाव क्या आया? खाली तुमचं तिरकं, टोकदार अक्षर.

‘पत्नी की आंख बन गई. भगवान की कृपा. अब कॉपियां खुद पढ़ लेती हैं.’

एवढंच. बायकोचे डोळे बरे झाले, आता निबंध ती स्वतःच वाचते. तक्रार नाही, एक वाकडा शब्द नाही. दुसऱ्या फॉर्मवर त्याच जागी लिहिलं होतं, ‘सब बढ़िया है.’

अहो, मला एकदा म्हणायचंत. टेबलावर हात आपटायचात. माझ्या हातातून गठ्ठा ओढून घ्यायचात, जसं भिंग घेतलं होतंत. मी चिडले असते, पण दिला असता. डोळे चांगले झाले तरी मी ऐकू शकत होते ना? साठ वर्षांच्या बायकोला नवऱ्याने वाचून दाखवलं तर कोणतं विद्यापीठ अडवणार होतं? फॅक्टरीने तुम्हाला हार घालून, छत्री देऊन निरोप दिला. मी तर आराम करा म्हटलं आणि पान उलटलं.

मला माहीत आहे, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तुमचं हृदय बंद पडलं ते नसांमुळे, डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं कोणी निबंधात लिहिलं तर मी लाल पेनाने रेघ मारते. मी ही रेघ स्वतःसाठी दिवसातून दहा वेळा मारते आहे, आणि तिचा काडीचा उपयोग होत नाही. आणि समजा तो फॉर्म खरा नसेलच, एखाद्या वाईट दुपारी भरला असेल, तर? तेही मला कधी कळणार नाही. ज्याला विचारायचं तो एकच माणूस होता आणि मी त्याला विचारलं नाही. इतकी वर्षं मी पोरांना शिकवलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देतो. रोज नऊ वाजता तुम्ही दारात चपला काढायचात, मी विचारायचे, “झालं फिरून?” तुम्ही म्हणायचात, “हाव, मस्त.” आणि मी ते उत्तर घेऊन कॉलेजला जायचे.

निकिता पेन हातात धरून वाट बघत होती. “मैडम, पहले वाला जोड़ दूं क्या? आप कहें तो.”

मी तिला दोन्ही प्रकारे बेरीज करायला सांगितली. तिने फोनवरच केली, एकदा तुमचा दुसरा फॉर्म धरून, एकदा पहिला धरून. सरासरी जेमतेम हलली. “नतीजा तो वही है, मैडम,” ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तिने फोन पालथा ठेवला.

मी म्हटलं, दुसराच राहू दे. भरणाऱ्याची इच्छा तीच होती. रद्द केलेल्याची नोंद आहे तशी असू दे.

तिने शेवटचं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. ‘अधिकांश सेवानिवृत्त पुरुष अपने घर में संतुष्ट हैं.’ अक्षर मला स्वच्छ दिसत होतं. त्याखाली मी सही केली.